एक काटा सरळ, एक वाकडा

बोरीच्या फांदीवर पानागणिक काट्यांची जोडी असते. जोडीतला एक काटा सरळ, दुसरा मागे वळलेला. सरळ काटा टोचतो आणि मोकळा होतो; वाकडा धरून ठेवतो. बोरं काढायला हात आत घालताना रक्त येतं ते सरळ काट्यानं, आणि मूठ भरून हात बाहेर काढताना बाही फाटते ती वाकड्यानं. माणूस हावरा असतो आणि हावरा माणूस घाईत असतो, हे या झाडाला आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

दिसायला झाड साधंच. फांद्या खाली झुकलेल्या, साल काळपट नि भेगाळलेली, पानं लहान गोलसर. पानाला देठापासून तीन शिरा, वरची बाजू हिरवीगार, खालची पांढुरक्या लवेची. हे झाड सहसा कुणी लावत नाही. शेळीनं, कोल्ह्यानं नाहीतर एखाद्या बुलबुलानं बी टाकली की उगवतं. बांधावर, ओढ्याच्या काठाला, देवळामागच्या पडीक जागेत. उन्हाळ्यात सगळी पानं टाकून उभं राहतं. नवखा माणूस म्हणतो, मेलं. खाली मूळ इतकं खोल गेलेलं असतं की मरायचं त्याच्या मनातही नसतं. पाऊस पडला की पालवतं. भादव्या-आश्विनात हिरवट पिवळी फुलं येतात, पण ती इतकी बारीक की त्यांना फूल म्हणायची कुणाला आठवण होत नाही. वासही असा की माश्यांनीच जवळ यावं.

थंडी पडली की बोरं धरतात. आधी हिरवी नि तुरट, मग पिवळी नि आंबटगोड, मग तांबूस, शेवटी सुरकुतलेली आणि किंचित आंबूस. चारही अवस्थांचे भोक्ते वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला आपलीच अवस्था खरी वाटते. आत भलीमोठी टणक बी, तिच्याभोवती जेमतेम गर, आणि त्या गरात पुष्कळदा एक अळी. अनुभवी माणूस बोर दातांनी अर्धं फोडून बघतो, मग खातो. लहान मूल आधी खातं, मग बघतं.

आंब्याला राजाचा मान आहे, केळीला देवाचा, नारळाला दोघांचा. बोरीच्या वाट्याला दगड. तरी या बिनमानाच्या झाडानं नाव मात्र लांबलांब नेऊन ठेवलं आहे. महाराष्ट्रात बोरगाव किती आणि बोरखेडी किती, ते मोजायला बसू नये. यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब आहे, अमळनेरजवळून बोरी नदी वाहते. विदर्भातली बोर नदी तर आपलं नाव थेट वाघापर्यंत घेऊन गेली: 2014 साली जाहीर झालेला बोर व्याघ्र प्रकल्प. माणसांच्या नावांतही बोरकर, बोरसे, बोराडे आहेतच. आणि या सगळ्यांत ज्याचं नाव रोज लाखो लोकांच्या तोंडी येतं, ते गाव मुंबईच्या उत्तर टोकाला आहे. बोरिवली.

बोरींची वस्ती ती बोरिवली, हा सरळ अर्थ. नावातल्या ‘वली’चा धागा जाणकार ‘पल्ली’शी, म्हणजे वाडीवस्तीशी जोडतात. ‘ओली’चंही तसंच. म्हणून अंधेरीला आंबोली, मालाडला चिंचोली. उपनगरांची नावं नीट ऐकली तर ती फळवाल्याची हाळी वाटते. बोरिवली पश्चिमेच्या बाजारात तर एका गल्लीचंच नाव जांभळी गल्ली. तिथं आज ड्रेस मटेरियल, इमिटेशन दागिने आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. जवळच बाभई नावाचं जुनं गावठाण आहे. बाभईचं बाभळीशी नातं आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण ‘ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी’ ही म्हण तिथून जाताना आठवल्याशिवाय राहत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावाला झाडाचं नाव देणारे लोक त्या झाडाच्या प्रेमात असतातच असं नाही. वाटसरूला वाट सांगायला खूण लागते. जिथं आंब्याची राई होती तिथं आंबा सांगितला. जिथं खडकाळ माळावर काटेरी झुडपांपलीकडे काही नव्हतं तिथं बोर सांगितली. एकसर, पोईसर, मागाठाणे, शिंपोली, वझिरा, गोराई अशी गावं आजूबाजूला होती. कान्हेरीची लेणी डोंगरात होती, मंडपेश्वराची खाली होती. एकसरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत, जहाजांच्या रांगा कोरलेले. एवढा ऐवज शेजारी असताना साऱ्या परिसराचं नाव म्हणून टिकलं ते काटेरी झुडपाचं.

टिकलं त्याला कारण आगगाडी. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. तिच्या स्थानकांच्या इंग्रजी यादीत अंधेरी ‘अंदारू’ आहे, गोरेगाव ‘पहाडी’ आहे आणि बोरिवली चक्क ‘बेरेवला’. ऐकणाऱ्या साहेबाच्या कानात काय भरलं होतं कोण जाणे. पण ज्या गावाला स्टेशन मिळालं त्याचं नाव आजूबाजूच्या गावांवर चढलं, ही रीत या शहरात सगळीकडे दिसते. एकसरचा माणूसही पत्ता सांगताना बोरिवली पश्चिम म्हणू लागला. 1957 साली दहिसरपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत आला. 1990 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याच्या तीन तालुक्यांत कुर्ला आणि अंधेरीच्या जोडीला बोरिवली बसली. बोराच्या नावानं सात-बारा निघू लागला म्हणायचं.

आणि लोकलच्या कपाळावर तर ते नावही पुरतं उरलेलं नाही. फलाटावरच्या इंडिकेटरवर विरारला ‘वि’, अंधेरीला ‘अं’, बोरिवलीला ‘बो’. संध्याकाळी चर्चगेटला उभ्या असलेल्या माणसाला त्या एका अक्षराखेरीज काही वाचायचं नसतं. बोरातलं अर्धंच बोर घेऊन तो धावतो आणि खिडकी पकडतो.

हे ‘बोर’ आलं कुठून? इथं सरळ काटा कामाला येतो, कारण या शब्दाचा माग फार स्वच्छ आहे. संस्कृतात फळ ‘बदर’, झाड ‘बदरी’. प्राकृतात मधला ‘द’ विरघळला आणि त्याच्यासकट पहिल्या अक्षराचा ‘ओ’ झाला: बोर. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात एवढ्या एका शब्दासाठी वेगळं सूत्र आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं व्याकरण लिहिलं तेव्हा बदराला चार सोबती दिले, आणि त्यांतला एक पूगफल, म्हणजे सुपारी. त्याच नियमानं पूगफलाचं ‘पोप्फल’ झालं आणि त्याचं आपल्याकडे पोफळ. बोर आणि पोफळ, एक माळावरचं नि एक कुळागरातलं. जन्मात कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही दोन झाडं व्याकरणाच्या एका ओळीत शेजारी बसली आहेत. मला हे फार आवडतं. व्याकरणकाराला तोऱ्याच्या शब्दांइतकंच या रानटी शब्दाकडे लक्ष द्यावं लागलं, कारण तो नियमात बसत नव्हता आणि लोक तो रोज बोलत होते.

उत्तरेत त्याच बदराचं ‘बेर’ झालं, गुजरातीत मात्र आपल्यासारखंच ‘बोर’, आणि झाड ‘बोरडी’. त्यामुळे घाटकोपरला नाहीतर मुलुंडला हातगाडीभोवती उभ्या असलेल्या मराठी नि गुजराती बायकांचं किमान या एका शब्दावर भांडण नसतं. ‘बेर’ म्हणतो तो गाडीवाला. दक्षिणेत गेलं की मामला बदलतो. तेलुगूत रेगू, तमिळमध्ये इलंदै. बदराशी काही देणंघेणं नाही. झाड तिथलंही तितकंच जुनं, त्याला संस्कृतकडून नाव मागायची गरज पडली नाही.

संस्कृतातही एका नावावर भागत नव्हतं. बदर, कोल, कुवल, कर्कंधू. यजुर्वेदातल्या सौत्रामणी यागात कुवल, कर्कंधू आणि बदर अशी तिन्ही वेगवेगळी सांगितली आहेत. म्हणजे मोठं बोर, मधलं बोर आणि झुडपाचं बारकं बोर यांतला फरक त्या लोकांना आपल्या मंडईतल्या बाईइतकाच नेमका कळत होता. वैद्यांनी तर बोराला तराजूत घातलं. दोन शाण म्हणजे एक कोल, दोन कोल म्हणजे एक कर्ष. कोल हे बोराएवढं वजन, आजच्या हिशेबानं सहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्या लहरी फळाला माप म्हणून नेमणाऱ्या माणसाला बाजारात कधी कुणी फसवलं नसावं, किंवा तोच फसवणारा असावा.

आता वाकडा काटा.

मराठीत ओढूनताणून जोडलेल्या नात्याला बादरायण संबंध म्हणतात. म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी बादरायण हे कुणा लांबच्या मामाचं नाव समजत असतील. ब्रह्मसूत्रांच्या कर्त्याचं नाव बादरायण, आणि त्या नावाच्या मुळाशीही बदरच. पण वाक्प्रचारामागची गोष्ट त्याहून घरगुती आहे. एका गृहस्थाच्या दारी एक पाहुणा गाडी घेऊन उतरला. हातपाय धुतले, जेवला, आडवा झाला. नवऱ्याला वाटलं बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटलं नवऱ्याच्या गोतातला. दिवस गेले. शेवटी दोघांची एकमेकांत विचारपूस झाली नि पाहुण्याला गाठून विचारलं, आपलं आमचं नातं काय? पाहुणा शांतपणे म्हणाला, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड. एवढं नातं पुरे नाही का?

गोष्ट सांगताना लोक पाहुण्याला हसतात. मला त्या झाडाचं कौतुक वाटतं. इतक्या खोट्या नात्याला साक्षीदार म्हणून आंबा चालला नसता. आंबा असता तर यजमानानं आधी विचारलं असतं, कुठला, पायरी की हापूस? बोरच हवी. जिची दारात असूनही कुणी दखल घेतलेली नसते आणि नाव काढल्यावर नाकारताही येत नाही, अशी.

बोरीची अशी नाती सगळीकडे आहेत. बदरीनाथ हे नावच बोरीचं. नारायण तप करत होता, ऊनपाऊस लागू नये म्हणून लक्ष्मी बदरी होऊन त्याच्यावर उभी राहिली, अशी कथा. प्रत्यक्षात ते ठिकाण समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथल्या थंडीत आपली बोरी एक हिवाळाही काढणार नाही. देव बोरीचा, गावात बोरी नाही. बोरिवलीतल्या माणसानं याला हसू नये. राष्ट्रीय उद्यानाच्या रानात नि पाड्यांच्या कडेनं बोरी आहेत, पण स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं बोर सोलापूरकडून किंवा गुजरातेतून निघतं, वाशीच्या मार्केटात उतरतं, पहाटेच्या टेम्पोनं उपनगरात येतं. आमच्या पाटीवर बोर, तुमच्या पिशवीत बोर. पाहुण्याची गाडी अजून दारातच उभी आहे.

शास्त्रज्ञांनीही या झाडाशी असाच घोळ घालून ठेवला. लिनियसनं 1753 साली आपल्या बोरीला नाव देताना ‘जुजुबा’ हा शब्द वापरला. झाड नंतर झिझिफस या प्रजातीत गेलं, तर कळलं की झिझिफस जुजुबा हे नाव फिलिप मिलरनं 1768 मध्येच बोरीच्या थंड मुलखातल्या चिनी बहिणीला देऊन टाकलेलं आहे. युनानी औषधांच्या दुकानात तांबडं सुकं उन्नाब मिळतं ते या बहिणीचं फळ. मग आपल्या बोरीसाठी लामार्कनं 1789 साली दिलेलं नाव उचललं: झिझिफस मॉरिशियाना. वेदांपासून इथं असलेल्या झाडाच्या शास्त्रीय नावात मॉरिशसचा पत्ता, आणि ज्युज्यूब म्हणून ओळख चीनच्या बहिणीची. शाळेबाहेर साखरेत घोळवलेल्या लवचीक ज्युज्यूब गोळ्या मिळायच्या, त्या नावाचं कूळही हेच. गोळीत बोराचा अंश नाही. बोरकूट मात्र त्याच दुकानात, बरणीत शेजारी बसलेलं; वाळवलेली बोरं कुटून मीठ-गूळ लावलेलं, हातावर घेऊन चाटायचं. दोघांना आपलं नातं ठाऊक नव्हतं.

मुंबईतच आणखी एक तोतया आहे. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली प्रवासी गाडी ठाण्याला सुटली ती बोरीबंदरहून. तिथल्या बोरीचा बोराशी संबंध नाही. ती गोणी, मालाच्या बोऱ्या ठेवायचं बंदर म्हणून बोरीबंदर, असं सांगतात. मध्य रेल्वेची बोरी धान्याची, पश्चिम रेल्वेची फळाची. त्यात गेल्या पन्नासेक वर्षांत दोन इंग्रजी बोर येऊन मिळाले. एक सोसायटीच्या आवारात खणतात ती, आणि दुसरा लेक्चरमध्ये होतो तो. ‘बोर झालं’ हे वाक्य आता नातू आजीला म्हणतो, आणि आजीच्या मनात क्षणभर फळ येतं. नावाच्या बाबतीत या झाडाइतकं नशीब फुटकं कुणाचं नाही.

पोथ्यांत मात्र त्याला बऱ्या भूमिका मिळाल्या. शबरीची उष्टी बोरं सगळ्यांना माहीत आहेत. वाल्मीकीच्या रामायणात शबरी रानातली फळंमुळं ठेवते, चाखून बघत नाही. उष्ट्या बोरांची गोष्ट मागाहून भक्तांनी घातली. घालताना त्यांनी फळ अचूक निवडलं, कारण चाखल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची भीती वाटावी असं फळ बोरच. केळं कुणी चाखून देत नाही.

महाभारतातल्या शल्यपर्वात दुसरी गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. भरद्वाजाची मुलगी श्रुवावती इंद्रासाठी तप करत होती. इंद्र वसिष्ठाच्या रूपानं आला, तिच्या हाती पाच बोरं ठेवली आणि म्हणाला, शिजव. तिनं शिजायला ठेवली. दिवस मावळला, सरपण संपलं, बोरं तशीच. शेवटी तिनं स्वतःचे पाय विस्तवात सारले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्या जागेला बदरपाचन तीर्थ म्हणतात. भोगीच्या भाजीत वांगं, पावटा, गाजर, हरभऱ्याबरोबर काही घरी बोरंही टाकतात. बाकी सगळं मेण होतं आणि बोर तेवढं बी घट्ट धरून बसलेलं असतं, तेव्हा श्रुवावतीची आठवण काढायला हरकत नाही.

संक्रांत हा बोराचा वर्षातला मोठा सण. सुगडात उसाचं पेर, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तीळगूळ आणि बोरं. त्यानंतर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतायचा. बाळ भेदरतं, सभोवतालची पोरं जमिनीवर झेपावतात, लूट होते. बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत हे हॉलमध्ये होतं. मागे फुग्यांची कमान, दागिन्यांचा सेट भाड्यानं, गोकुळाची थीम. मापात बोरं कमी आणि चॉकलेटं, जेम्सच्या गोळ्या, मार्शमेलो जास्त. बोर टाळूला लागेल म्हणून आया मऊ वस्तू घालतात, आणि लुटणाऱ्या पोरांनाही बोर नको असतं. मला यात रडण्यासारखं काही वाटत नाही. चार बोरं तरी पडतात आणि समारंभाचं नाव चॉकलेटन्हाण झालेलं नाही.

त्याच दिवसांत तेलुगू घरांत भोगीच्या संध्याकाळी मुलांच्या डोक्यावर रेगी पंडलू, म्हणजे बोरंच, नाणी, फुलांच्या पाकळ्या आणि उसाचे तुकडे ओततात. म्हणतात भोगी पळ्ळू. एकाच मजल्यावरच्या दोन दारांआड, दोन वेगळ्या नावांचं एकच फळ दोन वेगळ्या भाषांतल्या बाळांच्या डोक्यावर पडत असतं आणि दोन्ही आज्यांना वाटतं, ही फक्त आमच्याकडची पद्धत.

आता गाडीवर काय असतं ते सांगतो. चण्यामण्या ही गावरान, वाटाण्याहून थोडी मोठी, लालचुटुक, आंबट. उमराण लांबट, सोनेरी, गोड. चमेली, चेकनट ही मंडईतली नावं. जळगावकडचा माणूस असला तर तो मेहरूणच्या बोरांपुढे बाकीच्यांना बोर म्हणायला तयार नसतो. मोठ्या बोरांची बाग सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात होते. वैशाखाच्या सुमाराला झाड इतकं कठोर छाटतात की नुसते खुंट उभे राहतात, पावसावर नवी फूट येते आणि फळ त्या फुटीवर. कलम बांधायला मुळाकडचा भाग मात्र बियांपासून वाढलेल्या गावठी रोपाचाच लागतो.

गेल्या काही वर्षांत यांत अ‍ॅपल बोर शिरलं आहे. मूळ थायलंडकडचं. हिरवंगार, तुकतुकीत, लहान सफरचंदाएवढं, भरपूर पाणी नि बेताची गोडी. आता बोराला स्वतःचं नावही पुरेसं वाटेनासं झालं, शेजारच्या श्रीमंताचं आडनाव लावून घेतलं. मी खाल्लं आहे. वाईट नाही. पण ज्या फळानं एकदाही तोंड वाकडं करायला लावलं नाही त्याला बोर म्हणणं मला जड जातं.

स्टेशनाबाहेर गाडीवाल्याला विचारावं, बोरं कशी दिली? तो लगेच दुरुस्ती करतो, “बेर नहीं, एप्पल बेर.” मग कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवून विचारावं, आणि ती? “वो तो बस बेर है,” म्हणतो आणि भाव निम्म्याहून खाली सांगतो. तीच घ्यावीत. पाव किलो पुरतात, पण घरी नेईपर्यंत पिशवीत किती उरतील याची हमी नाही, म्हणून अर्धा किलो. धुवून, तिखटमीठ लावून, आणि एकेक फोडून बघून.